मराठवाड्यातली फारसी वस्ती : ठिकाण आणि संख्येच्या प्रश्नाचा आढावा

प्रश्न नेमका कोणता

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याचा मध्ययुगीन इतिहास अभ्यासायला बसले की फारसीवाचून पाऊल पुढे पडत नाही. खुलदाबादच्या दर्ग्यांना मिळालेल्या सनदा, गावोगावच्या इनामांचे कागद, औरंगाबाद सुभ्याचे हिशेब, सरदारांच्या फौजेच्या याद्या, कबरींवरचे आणि दरवाजांवरचे लेख यांतले बहुतेक फारसीत आहेत. मग एक साधा प्रश्न समोर येतो. एवढी फारसी लिहिणारी आणि वाचणारी माणसे राहत कुठे होती? घरात, चुलीपाशी, बाजारात ती फारसीच बोलत होती का? आणि बोलत असतील तर बहुसंख्य माणसे फारसीभाषक होती असे एखादे गाव किंवा एखादा पुरा या परिसरात दाखवता येतो का?

फारसी जिथली, त्या इराणमध्ये डोंगरातल्या वीस-पंचवीस घरांच्या खेड्याचीही जनगणनेत माणसे आणि कुटुंबे अशी स्वतंत्र नोंद सापडते. ठिकाण ठरलेले असते, आकडा छापलेला असतो. मराठवाड्यात मात्र ठिकाण सूफींच्या ग्रंथांतून, फौजेच्या याद्यांतून, पुऱ्यांच्या नावांतून आणि लोकांच्या आठवणींतून शोधावे लागते. संख्या तर अनुमानानेच काढावी लागते. या विषयावर गेल्या शंभर वर्षांत बरेच लिहिले गेले आहे, पण ते वेगवेगळ्या विषयांच्या पुस्तकांत विखुरलेले आहे. ते एका जागी मांडून कोणत्या मुद्द्यावर एकमत आहे, कुठे मतभेद आहेत आणि कोणते काम पडून आहे हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी : साडेपाच शतके

अलाउद्दीन खिलजीने १२९६ मध्ये देवगिरीवर स्वारी केली. यादवांचे राज्य संपल्यावर देवगिरी दिल्लीच्या सुलतानांकडे गेली आणि १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने तिला दौलताबाद असे नाव देऊन राजधानीचा मान दिला. दिल्लीहून अधिकारी, उलेमा, सूफी, कवी आणि कारागीर इकडे आले. फारसी या भूमीत मोठ्या प्रमाणावर उतरली ती या स्थलांतराबरोबर. १३४७ मध्ये बहमनी सत्ता उभी राहिली, पुढे निजामशाही आली. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी या खेड्याच्या जागी नवे शहर वसवले. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांनी घेतले. औरंगजेब १६३६ मध्ये आणि पुन्हा १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार झाला, खडकीचे औरंगाबाद झाले. १६८१ नंतर तर बादशहा स्वतःच दख्खनेत उतरला आणि १७०७ मध्ये खुलदाबादला जैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्यात त्याचे दफन झाले.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात औरंगाबाद आसफजाही सत्तेचे प्रमुख ठाणे होते. १७६३ मध्ये निजाम अलीने राजधानी हैदराबादला नेली. दरबाराबरोबर त्याच्यावर जगणारी माणसेही निघून गेली. फारसी सरकारी भाषा म्हणून त्यानंतरही शंभर-सव्वाशे वर्षे टिकली. १८८० च्या दशकात हैदराबाद संस्थानाने तिच्या जागी उर्दू आणली. म्हणजे सुमारे साडेपाचशे वर्षे फारसी या ना त्या रूपात इथे होती. वाद तिच्या असण्याबद्दल नाही, ती कोणाच्या तोंडी होती याबद्दल आहे.

पहिली भूमिका : वस्ती होती

पहिल्या भूमिकेचा आधार चौदाव्या शतकातला आहे. सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब, सूफी जैनुद्दीन शिराझी आणि कवी अमीर हसन सिजझी हे तिघेही खुलदाबादला, म्हणजे त्या काळच्या रौज्यात विसावले आहेत. बुऱ्हानुद्दीनांचे निधन १३३७ मध्ये झाले. त्यांच्या बैठकीतली बोलणी काशानी घराण्यातल्या शिष्यांनी जागच्या जागी लिहून ठेवली. रुक्नुद्दीन काशानीने ‘नफाइस-उल-अनफास’ लिहिले, हम्माद काशानीने ‘अहसन-उल-अक्वाल’. एका डोंगरपठारावरच्या छोट्या वस्तीत, एका पिढीत, इतके फारसी गद्य तयार होणे ही लहान गोष्ट नाही. ते लिहिणारे, ऐकणारे आणि नकलून घेणारे लोक तिथेच राहत होते. म्हणून चौदाव्या शतकातला रौजा ही फारसी बोलणारी वस्ती होती असे मानण्याकडे या भूमिकेचा कल आहे. कार्ल अर्न्स्ट यांचे १९९२ चे ‘इटर्नल गार्डन’ हे पुस्तक खुलदाबादच्या या वाङ्मयाचा सर्वांत बारकाईचा अभ्यास आहे. त्याचा आधार घेतल्याशिवाय या विषयावर आज कोणी लिहू शकत नाही.

ही भूमिका तुघलकाच्या स्थलांतराच्या आकारावर उभी आहे आणि तो आकारच वादग्रस्त आहे. इतिहासकार बरनी, कवी इसामी आणि प्रवासी इब्न बतूता या तिघा समकालीनांच्या लेखनातून दिल्ली ओस पडल्याचे चित्र उभे राहते. इसामी स्वतः दौलताबादला आलेल्या कुटुंबातला. त्याने १३५० मध्ये ‘फुतूह-उस-सलातीन’ पुरे केले. वाटेत हालअपेष्टांनी मेलेल्या वृद्ध आजोबांची आठवण त्याच्या मनातून गेली नव्हती. बरनी सांगतो की देवगिरीभोवती स्थलांतरितांची कबरस्ताने उठली. उलट आगा महदी हुसेन यांनी १९३८ मध्ये या वर्णनांची छाननी केली. १३२८ च्या सुमाराचे दिल्ली परिसरातले संस्कृत शिलालेख त्यांनी पुढे ठेवले. त्या लेखांत दिल्लीचे नागरी जीवन सुरळीत चाललेले दिसते. त्यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की हलवला गेला तो मुख्यतः वरचा मुसलमान वर्ग, सारे शहर नव्हे. पुढे सुलतानाने परत जाण्याची मुभा दिली तेव्हा त्यांतलेही अनेक जण माघारी गेले. आज बहुतेक अभ्यासक या दुसऱ्या मताच्या जवळ आहेत. त्यामुळे दौलताबाद-रौजा भागातली फारसी वस्ती असलीच तर ती काही हजारांची की काही शेकड्यांची, हे बरनीच्या शोकगीतावरून ठरत नाही.

दुसरी भूमिका : फारसी लेखणीची, मराठी गावाची

दुसरी भूमिका गावाकडून पाहते. ग. ह. खरे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’ या मालेत दख्खनचे फारसी कागद प्रसिद्ध केले. सेतुमाधवराव पगडी मूळचे निलंग्याचे. त्यांनी मोगल दरबाराची बातमीपत्रे आणि इतर फारसी साधने मराठीत आणली. या कागदांत वारंवार एक गोष्ट दिसते. वर फारसी मजकूर आणि शिक्का, खाली किंवा पाठीवर मोडीत मराठी. फर्मान सुभ्यातून फारसीत निघे, पण पाटील, कुलकर्णी आणि देशमुख-देशपांड्यांपर्यंत पोचेस्तोवर त्याचा व्यवहार मराठीत होई. शेताच्या बांधाचा तंटा, वतनाचा महजर, बलुत्याचा वाटा हे सारे मराठीतच नोंदले जाई. सुमित गुहा यांनी दख्खनच्या भाषाव्यवहारावर लिहिताना हा द्विभाषिक पाया ठळकपणे मांडला. खालच्या पातळीवर मराठी टिकल्यामुळेच पुढे स्वराज्याच्या कारभाराला तिचा आधार मिळाला, असे त्यांचे म्हणणे आहे.

या भूमिकेनुसार फारसी हे एक शिकून मिळवलेले कौशल्य होते. फारसी येणारा माणूस इराणी असलाच पाहिजे असे नाही. भीमसेन सक्सेनाने मोगलांच्या दख्खन मोहिमांचा ‘तारीख-ए-दिलकुशा’ हा वृत्तान्त फारसीत लिहिला, तो कायस्थ होता. लछमीनारायण शफीक १७४५ मध्ये औरंगाबादला जन्मला. त्याने मराठ्यांचा इतिहास फारसीत लिहिला, तोही हिंदू मुन्शी घराण्यातला. या दोघांच्या घरी फारसी बोलली जात होती असे कोणी म्हणत नाही. मराठीत रुळलेल्या फारसी शब्दांचाही पुरावा इथे फार उपयोगी नाही. मौलवी अब्दुल हक यांनी मराठीवरच्या फारसीच्या प्रभावावर लिहिलेले पुस्तक १९३३ मध्ये औरंगाबादहूनच निघाले आणि ते आजही मोलाचे आहे. पण शब्द कचेरीतून गावात येतात, त्यांना आणायला बोलणाऱ्यांची वस्ती लागत नाही.

नावांवरून वंश किंवा मायबोली ठरवण्याचा मोहही ही भूमिका टाळायला सांगते. अमीर हसन ‘सिजझी’ म्हणवतो, पण त्याचा जन्म बदायूंचा. बीबी का मकबऱ्यात विसावलेली औरंगजेबाची बेगम दिलरस बानू सफवी राजघराण्याच्या शाखेतली, पण ती हिंदुस्थानातच वाढली.

तिसरी भूमिका : छोटी, फिरती, बहुभाषिक बेटे

अलीकडच्या अभ्यासात तिसरी भूमिका पुढे आली आहे आणि तिचे केंद्र औरंगाबादची पाणचक्की आहे. बुखाऱ्याजवळच्या गिजदुवानचे बाबा शाह सईद पलंगपोश आणि त्यांचे शिष्य बाबा शाह मुसाफिर हे नक्शबंदी सूफी औरंगजेबाच्या काळात दख्खनेत आले. पलंगपोशांचे निधन १६९९ मध्ये झाले, मुसाफिरांचे १७१५ च्या सुमारास. त्यांच्या तकियाचा, म्हणजे दरवेशांच्या मठाचा, वृत्तान्त ‘मल्फूजात-ए-नक्शबंदिया’ या फारसी ग्रंथात आहे. सायमन डिग्बी यांनी २००१ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर केले. नाइल ग्रीन यांनी २००६ च्या पुस्तकात औरंगाबादच्या सूफी स्थळांचा एकत्र विचार केला.

या ग्रंथात खाम नदीकाठची एक जिवंत वस्ती दिसते. गाझीउद्दीन खान फिरोझजंगाच्या फौजेतले तुराणी, म्हणजे मध्य आशियातले, शिपाई तिथे येतात, पगार थकला की आसरा घेतात. बल्ख-बुखाऱ्याकडून हजला निघालेले दरवेश सुरतेच्या वाटेवर मुक्काम करतात. कोणी वर्षभर राहतो, कोणी कायमचा. पुढे १७४४ च्या सुमारास तुर्कताज खानाने हर्सूलच्या बाजूने जमिनीखालच्या मातीच्या नळांतून पाणी आणून इथे चक्की बसवली. पाणी उंच भिंतीत चढवून खाली सोडले जाते आणि त्याच्या जोरावर जाते फिरते. या जात्यावर दरवेशांसाठी आणि मुशाफिरांसाठी पीठ दळले जात असे. तकियाचा पसारा किती होता हे समजून घ्यायला हे जाते पुरेसे बोलके आहे. दोन-चार फकिरांसाठी कोणी मैलोनमैल नळ टाकत नाही. पुढे आझाद बिलग्रामी हा फारसी-अरबीचा मोठा विद्वान याच तकियात सात वर्षे राहिला. १७८६ मध्ये तो वारला, त्याची कबर खुलदाबादला आहे.

या भूमिकेचे सार असे की फारसी बोलली जात होती, पण अशा बेटांत. तिथेही ती एकटी नव्हती. मध्य आशियातल्या शिपायांची घरची बोली पुष्कळदा तुर्की होती, दख्खनी वा हिंदवी रस्त्यावर कानी पडत होती आणि फारसी त्यांना जोडणारी भाषा होती. चौदाव्या शतकातल्या खुलदाबादच्या फारसी ग्रंथांतही मधूनच हिंदवी उद्गार येतात, हे अर्न्स्ट यांनीही दाखवले आहे. म्हणून ‘फारसी गाव’ शोधण्याऐवजी फारसी बोलली जाणारी ठिकाणे आणि प्रसंग शोधावेत, असे या अभ्यासकांचे म्हणणे आहे. इतर दोन्ही भूमिकांतले सत्य या मांडणीत सामावते, म्हणून मला ती अधिक समाधानकारक वाटते. मात्र ती संख्येचा प्रश्न बाजूला ठेवते, ही तिची उणीव आहे.

संख्येचा पेच

संख्येकडे जायचे दोन मार्ग आहेत. पहिला मोगलांच्या दफ्तराचा. एम. अतहर अली यांनी औरंगजेबाच्या उमरावांची मोजदाद केली. १६७९ ते १७०७ या काळात एक हजार आणि त्यावरच्या मनसबीचे ५७५ सरदार त्यांना सापडले. त्यांत १२६ इराणी आणि ७२ तुराणी होते. याच यादीत ९६ मराठे आहेत. आकडे साम्राज्यभरचे आहेत, पण बादशहा त्या काळात बहुतांश दख्खनेतच असल्याने इथल्या वरच्या वर्गाचा अंदाज त्यांवरून येतो. तरी इराणी गटातले अनेक जण हिंदुस्थानात जन्मलेले होते, हे लक्षात ठेवायला हवे.

याहून खोल जाणारे साधन म्हणजे अर्ज-ओ-चेहरा, म्हणजे स्वारांच्या हजेरीचे कागद. ते मोगल दफ्तरात आहेत. औरंगाबादच्या किल्ले अर्कमध्ये साठलेले हे दफ्तर १९१६ मध्ये हैदराबादला गेले. शाहजहान आणि औरंगजेब यांच्या काळातले ते सुमारे दीड लाख कागद आज तेलंगणच्या राज्य अभिलेखागारात आहेत. युसुफ हुसेन खान यांनी त्यांतले निवडक कागद १९५० आणि १९५८ मध्ये प्रसिद्ध केले. चेहऱ्याच्या कागदात एकेका स्वाराची ओळख असते : नाव, बापाचे नाव, कौम, मूळ ठिकाण, रंग, कपाळ रुंद की अरुंद, भुवया, डोळे, तीळ किंवा जखमेचा व्रण कुठे आहे. त्याखाली घोड्याचा रंग आणि दागाची खूण. हजेरीत फसवणूक होऊ नये म्हणून ही काळजी घेतलेली. पण आपल्याला तिच्यातून तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीचा साधा शिपाई भेटतो, कोणत्या मुलखातून आला ते सांगतो. हे कागद मूळ ठिकाणानुसार मोजले तर दख्खनेतल्या इराणी-तुराणी शिपायांचे प्रमाण अनुमानाने नव्हे, नोंदीने सांगता येईल. मात्र एवढ्यानेही सारे भागत नाही. यादीत स्वार आहे, त्याची बायको-मुले नाहीत आणि तो कोणत्या पुऱ्यात राहत होता हेही नाही. महसुली दफ्तराचीही हीच मर्यादा आहे. त्यात गावे, जमीन आणि जमा मोजली आहे, माणसांची तोंडे नाहीत.

पुऱ्यांची नावेही सावधपणे वाचावी लागतात. शहराभोवतीचे जयसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा हे पुरे राजपूत सरदारांच्या नावांचे आहेत, बेगमपुरा राजघराण्याशी जोडलेला आहे. नावावरून मालक कळतो, वस्ती कळत नाही.

दुसरा मार्ग जनगणनेचा. हैदराबाद संस्थानची पहिली जनगणना १८८१ ची. तोवर फारसीचे वैभव ओसरले होते. १९०१ मध्ये औरंगाबाद शहराची लोकसंख्या सुमारे ३७ हजार उरली होती, तर २०११ मध्ये महापालिका हद्दीत ती ११ लाख ७५ हजारांवर गेलेली दिसते. त्यातही भाषेचा प्रश्न दर वेळी बदलत गेला. १८८१ मध्ये मातृभाषा विचारली, १९०१ मध्ये नेहमी वापरात असलेली भाषा. अशा आकड्यांची थेट तुलना होत नाही. ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीतून हैदराबाद संस्थान वगळले गेल्याने मराठवाड्याची बाजू आणखी लंगडी राहिली. आजच्या जनगणनेत देशभर दहा हजारांपेक्षा कमी भाषक असलेल्या भाषांची नावे वेगळी छापली जात नाहीत आणि मातृभाषेचे तक्ते गावनिहाय प्रसिद्ध होत नाहीत. एखाद्या गावात आज पन्नास माणसे घरी फारसी बोलत असली तरी जनगणनेच्या पुस्तकात ती दिसणार नाहीत.

एक गाव जवळून : कागजीपुरा

या सर्व भूमिका कसाला लावायच्या तर दौलताबाद आणि खुलदाबाद यांच्या मधल्या कागजीपुऱ्याइतके योग्य गाव नाही. हातकागद बनवणाऱ्यांचे हे गाव. आपले पूर्वज तुघलकाच्या काळात इथे आले, असे गावात सांगतात. जुन्या चिंध्या आणि दोर भिजवून कुटायचे, लगदा पाण्याच्या हौदात ढवळायचा, गवताच्या काड्यांच्या चाळणीवर तो उचलून पातळ पत्रा काढायचा, वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घासून चकाकी आणायची, अशी ही कला. दौलताबादी कागद एके काळी दख्खनच्या दफ्तरांत मान्यता पावलेला होता. ज्या कागदावर फारसी फर्मान लिहिले जाई त्याच जातीच्या कागदावर कुलकर्ण्याचे मोडी दफ्तरही लिहिले जाई.

गाव लहान, ठिकाण निश्चित, धंदा फारसी कारभाराशी बांधलेला, आणि आठवण उत्तरेकडून आल्याची. तरी गावाची बोली आज दख्खनी वळणाची उर्दू आणि सोबत मराठी. पहिल्या भूमिकेचे अभ्यासक म्हणतील की मूळ फारसी काळाच्या ओघात गेली. दुसऱ्या भूमिकेचे म्हणतील की कारागिरांची भाषा कधीच फारसी नव्हती, ते दिल्लीकडची बोली घेऊन आले. तिसऱ्या भूमिकेचे विचारतील की कागदाची मागणी नोंदवायला येणाऱ्या मुन्शीशी ते कोणत्या भाषेत बोलत. गावची परंपरा आणि समकालीन लेखी पुरावा यांची सांगड समाधानकारकपणे बसलेली नाही आणि ती बसेपर्यंत तिघांचेही म्हणणे खुले ठेवणे योग्य.

आजच्या फारसी बोलणाऱ्या वस्त्या

महाराष्ट्रात आज इराणी वळणाच्या बोली जगतात त्या दोन वेगळ्या समाजांत. एक, यझदच्या बाजूने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पुढे आलेले जरथुश्त्री इराणी. त्यांतले काही डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्यांत शेतकरी झाले. त्यांची घरची दरी ही प्रमाण फारसीहून वेगळी बोली आहे. फार आधी आलेले पारशी घरी गुजराती बोलतात, त्यांना या मोजणीत धरू नये. दुसरा समाज शिया इराणींचा, ज्यांच्या वस्त्या आंबिवली, भिवंडी, श्रीरामपूर, परळी अशा ठिकाणी आहेत. पूर्वी घोड्यांचा व्यापार, पुढे खडे आणि चष्मे विकणे हे त्यांचे व्यवसाय. त्यांच्या घरांत फारसीशी नाते सांगणारी बोली टिकून आहे. या वस्त्या शहरातल्या किंवा शहराला लागून आहेत, खेडी नाहीत. आणि मोगलकालीन फारसीशी त्यांचा सरळ वारसा नाही. पण फारसी बोलणारी वस्ती प्रत्यक्षात कशी असते, मुले शाळेत मराठी आणि घरी दुसरे काही कशी बोलतात, हे समजून घ्यायला इतिहासाच्या अभ्यासकाने तिथे जायला हवे. या समाजांवर भाषेच्या अंगाने लिहिले गेले आहे ते फारच थोडे.

काय ठरले, काय बाकी

तीन गोष्टींवर आता साधारण एकमत आहे. फारसीत लिहिलेल्या कागदावरून गावाची भाषा ठरत नाही. दौलताबाद, रौजा आणि पाणचक्की या ठिकाणी, वेगवेगळ्या काळी, फारसी बोलणाऱ्यांचे गट खरोखर राहत होते. आणि मराठवाड्यातल्या शेती करणाऱ्या खेड्यांचा व्यवहार या सर्व काळात मराठीतच राहिला.

बाकी राहिलेले प्रश्नही तीनच, पण जड. तुघलककालीन वस्तीचा आकार ठरलेला नाही. मोगलकालीन शिपायांच्या कुटुंबांची भाषा माहीत नाही. आणि १७६३ नंतर फारसी बोलणाऱ्या घरांनी ती कोणत्या पिढीत सोडली, हे कोणी तपासलेले नाही.

हे प्रश्न सोडवायला नवा सिद्धान्त नको, माणसे हवीत. अर्ज-ओ-चेहऱ्याचे कागद मूळ ठिकाणानुसार मोजायला फारसी लिपी आणि दफ्तरी वळण दोन्ही जाणणारे अभ्यासक लागतील. त्याच गावांचे मोडी कागद शेजारी ठेवून वाचायला मोडी जाणणारे लागतील. खरे आणि पगडी यांच्या पिढीत एकच माणूस हे दोन्ही करू शकत असे, आज तसे हात मोजके आहेत. मराठवाड्यातल्या विद्यापीठांनी आणि इतिहास मंडळांनी दोन्ही लिप्यांचे शिक्षण एकत्र दिले, तर पुढच्या दहा-पंधरा वर्षांत गावपातळीवरचे खात्रीचे उत्तर हाती येऊ शकते. २०२७ ची जनगणना तोंडावर आहे. मातृभाषेच्या रकान्यात लोकांनी आपल्या घरची बोली तिच्या खऱ्या नावाने सांगावी आणि प्रगणकाने ती तशीच लिहावी. मोगलांचा कारकून स्वाराच्या भुवईवरचा व्रण टिपत होता, पण त्याच्या घरची भाषा त्याने टिपली नाही आणि म्हणून हा प्रश्न आज इतका अवघड झाला आहे. आपल्या काळातल्या छोट्या भाषांबाबत तीच उणीव ठेवण्याचे आपल्याला काही कारण नाही.